गोडाऊनमधून फरशी आणि किचनची कपाटं घेताना : मापापासून बिलापर्यंत

जुन्या फ्लॅटचं काम काढलं की पैशाचा मोठा वाटा दोन गोष्टींत जातो: फरशी आणि स्वयंपाकघरातली कपाटं. मग कुणीतरी सांगतंच, "दुकानात कशाला जाता, थेट गोडाऊन गाठा." सल्ला चुकीचा नाही. शोरूमचं भाडं, एसी, चार माणसांचे पगार हे सगळं टाइलच्या दरात मिसळलेलं असतं आणि गोडाऊनमध्ये तेवढा भार नसतो. पण दुकानदार त्या जादा पैशांत काही कामंही करत असतो. बॉक्स मोजून देतो, उरलेले परत घेतो, फुटलेली टाइल बदलतो, सुताराला माप समजावतो. गोडाऊनवाला माल देतो आणि पावती फाडतो. बाकीचं सगळं तुमच्याकडे. ते नीट केलंत तर बचत खरी, नाहीतर ती टेम्पो, हमाली आणि जिन्याखाली पडून राहिलेल्या बॉक्सांत जिरते.

दुसरी गोष्ट मी सुरुवातीलाच आग्रहाने सांगेन. फरशी आणि कपाटं एकाच फेरीत उरकू नका. फरशी आधी घ्या, बसवून घ्या, ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल्सही लागू द्या, आणि मग कपाटांची मापं काढा. फरशीची जाडी, तिच्याखालचा थर आणि भिंतीवरची टाइल या तिन्हींमुळे स्वयंपाकघराची उंची-रुंदी काही सेंटिमीटरने बदलते. ट्रॉलीच्या बाबतीत पाच मिलीमीटरसुद्धा जास्त होतात.

आधी घरात ठरवा: फोडायची की वरून लावायची?

जुनी फरशी फोडायची, की तिच्यावरच नवी चिकटवायची, हा पहिला निर्णय. यावर पुढची सगळी यादी ठरते.

वरून लावायची असेल तर चिकटवण्याचा थर आणि टाइल मिळून साधारण १२ ते १५ मिलीमीटर उंची वाढते. म्हणजे घरातले सगळे दरवाजे खालून तासावे लागतात, मुख्य दाराशी पायरी तयार होते, गॅलरीच्या सरकत्या खिडकीची पट्टी बुडू शकते आणि ओटा तेवढाच बुटका होतो. शिवाय वजन आहे. ९ मिलीमीटरची टाइल आणि चिकटवण्याचा थर मिळून दर चौरस फुटाला सुमारे अडीच किलो होतात. ५०० चौरस फुटांना सव्वा टन. इमारत जुनी असेल, किंवा आधीच कुणी एकदा वरून फरशी लावलेली असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करू नका.

वरून लावण्याआधी जुनी फरशी वाजवून बघा. लाकडी दांड्याने किंवा नाण्याने ठोकत खोलीभर फिरा. जिथे पोकळ आवाज येतो तिथली लादी सुटलेली आहे. अशा दोन-चार असतील तर तेवढ्या काढून भरून घेता येतात. खोलीभर पोकळ वाजत असेल तर फोडण्याला पर्याय नाही, कारण नवी टाइल कितीही चांगली असली तरी ती सुटलेल्या लादीवरच उभी राहणार.

फोडायची असेल तर डेब्रिजचा हिशेब आधी करा. जुन्या मोझेक किंवा शहाबादी फरशीखाली दीड-दोन इंच माल असतो, त्यामुळे गोण्यांची संख्या अंदाजापेक्षा बरीच जास्त भरते. सोसायटीचं परवानगीपत्र, अनामत रक्कम, कामाच्या वेळा, लिफ्ट वापरायची की नाही, गोण्या कुठे ठेवायच्या, हे लेखी घ्या. माल दारात आणि लिफ्ट बंद, अशी वेळ आली की हमालीचा दर जागेवर दुप्पट होतो.

माप: क्षेत्रफळ पुरेसं नाही, मांडणी काढा

बहुतेक जण खोलीचं क्षेत्रफळ काढतात, त्यावर दहा टक्के चढवतात आणि निघतात. गोडाऊनसाठी हे अपुरं आहे. एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

खोली १२ फूट ४ इंच बाय १० फूट ९ इंच. क्षेत्रफळ १३२.६ चौरस फूट. भोवतीची स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायची टाइलची पट्टी, चार इंच उंचीची. तीन फुटांचा एक दरवाजा वगळला तर तिची लांबी सुमारे ४३ फूट, म्हणजे आणखी साडेचौदा चौरस फूट. एकूण १४७. त्यावर ८ टक्के कापणी-फुटीचे धरले तर १५९. टाइल ६०० बाय १२०० मिलीमीटरची, बॉक्समध्ये दोन नग, एका बॉक्सचं क्षेत्र साडेपंधरा चौरस फूट. भागाकार १०.२५, म्हणजे ११ बॉक्स.

आता तीच खोली आलेखाच्या कागदावर मांडा. लांबी ३,७६० मिलीमीटर. १,२०० च्या तीन टाइल्स बसल्यावर एका टोकाला जेमतेम १६० मिलीमीटरची पट्टी उरते. ती दारासमोर आली तर आयुष्यभर डोळ्यांत खुपते. चांगला मिस्त्री काय करेल? मधे दोन अख्ख्या टाइल्स आणि दोन्ही टोकांना ६८० मिलीमीटरचे सारखे तुकडे. खोली एकदम नीटस दिसते. पण आता प्रत्येक ओळीला चार टाइल्स लागतात. रुंदीत पाच पूर्ण ओळी आणि २७७ मिलीमीटरची सहावी अरुंद ओळ. पाच ओळींच्या वीस टाइल्स, सहावीसाठी दोन टाइल्स उभ्या चिरून चार पट्ट्या. एकूण २२ टाइल्स, म्हणजे नेमके ११ बॉक्स. उरलेल्या ५२० मिलीमीटरच्या दहा तुकड्यांतून सगळी स्कर्टिंग निघते, पुरून उरते. पण फुटीसाठी एकही अख्खी टाइल शिल्लक नाही. म्हणून या खोलीला १२ बॉक्स.

ही मांडणी मिस्त्रीबरोबर बसून, प्रत्येक खोलीसाठी करा. टाइलची दिशा, कोणत्या भिंतीपासून सुरुवात, तुकडे कुठे लपवायचे (पलंगाखाली, कपाटामागे, दाराच्या पाठीमागे) हे खरेदीच्या आधीच ठरतं. तिरकी मांडणी हवी असेल तर वाढीव टक्केवारी १२ ते १५ पर्यंत न्या. आणि मोजताना खोली तीन ठिकाणी मोजा. जुन्या इमारतींत समोरासमोरच्या भिंतींत इंचाचा फरक सहज सापडतो.

प्रत्येक डिझाइनचा किमान एक बॉक्स कायमचा शिल्लक ठेवायचा, हेही यादीतच लिहा. दोन वर्षांनी नळाचं काम निघालं आणि दोन टाइल्स फोडाव्या लागल्या, तर तीच टाइल बाजारात मिळेल याची खात्री नसते.

कुठे कोणती टाइल

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक टाइल्स गुजरातेत मोरबीला बनतात. त्यामुळे वेगवेगळ्या नावांच्या बॉक्सांत बऱ्यापैकी सारखा माल असू शकतो. नावापेक्षा प्रकार बघा.

बैठकीच्या खोलीत वर्दळ जास्त असेल तर डबल चार्ज विट्रिफाइड टिकाऊ. तिच्यात रंगाचा थर तीन-चार मिलीमीटर खोल असतो, त्यामुळे घासली गेली तरी रंग जात नाही. डिझाइनं मात्र मोजकीच मिळतात. संगमरवरासारखी किंवा लाकडासारखी दिसणारी टाइल हवी असेल तर ती ग्लेझ्ड विट्रिफाइड, म्हणजे जीव्हीटी किंवा चकचकीत पॉलिशची पीजीव्हीटी. इथे चित्र पृष्ठभागावर छापलेलं असतं आणि वर काचेसारखा थर असतो. घरातल्या वापराला ती पुरते, पण जड लोखंडी पलंग ओढत नेलात तर ओरखडा उठतो.

विट्रिफाइड टाइल पाणी जेमतेम शोषते, वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. भिंतीची सिरॅमिक टाइल त्याच्या कितीतरी पट शोषते आणि ठिसूळही असते. स्वस्त दिसली म्हणून भिंतीची टाइल जमिनीवर लावू नका.

न्हाणीघर, गॅलरी आणि धुण्याच्या जागी घसरड्याचा आकडा विचारा. तो आर ९ पासून आर १३ पर्यंत असतो, आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. न्हाणीघराला आर १० किंवा आर ११ घ्या. घरात वयस्कर माणसं असतील तर बैठकीतही चकचकीत पॉलिश टाळा. पावसाळ्यात ओल्या चपलेने आत येणाऱ्या माणसाला ती फरशी फार धोक्याची ठरते, आणि सत्तरीतल्या माणसाचं मोडलेलं खुब्याचं हाड कोणत्याही बचतीपेक्षा महाग आहे.

स्वयंपाकघरासाठी एक सोपी चाचणी करा. नमुन्याची टाइल घरी आणा, तेलात कालवलेली हळद तिच्यावर लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी साध्या साबणाने पुसा. पांढऱ्या मॅट टाइल्सपैकी काहींवर पिवळट डाग राहतो. तो आज नमुन्यावर दिसलेला बरा. तीच टाइल दिवसाच्या उजेडात आणि रात्री तुमच्या दिव्यांखाली बघा. गोडाऊनच्या पांढऱ्या ट्यूबखाली जी राखाडी वाटते, ती घरच्या पिवळ्या दिव्यात कधी कधी मातकट दिसते.

गोडाऊनमध्ये उभं राहून काय तपासायचं

सकाळी जा. दुपारनंतर टेम्पो भरायची घाई असते आणि बॉक्स उघडून दाखवायला माणूस मिळत नाही. मिस्त्रीला बरोबर न्या, त्याची त्या दिवसाची मजुरी द्या. ती वसूल होते.

बॉक्सच्या बाजूला आकार, दर्जा, बॅच आणि शेड छापलेली असते. एका खोलीत जाणारे सगळे बॉक्स एकाच बॅचचे आणि एकाच शेडचे हवेत. डिझाइनचा क्रमांक तोच असूनही दोन बॅचमध्ये रंगात आणि मापात किंचित फरक असतो. सुटी टाइल हातात धरून तो कळत नाही, शेजारी शेजारी बसल्यावर दिसतो. "सगळा एकच माल आहे साहेब" यावर विसंबू नका. टेम्पोत चढणारा प्रत्येक बॉक्स वाचा. त्या लेबलचा फोटो काढून ठेवा.

दर्जाचंही तसंच. प्रीमियमच्या खाली स्टँडर्ड आणि कमर्शियल असे उतरते दर्जे असतात. गोडाऊनमध्ये जो दर ऐकून तुम्ही चकित होता, तो पुष्कळदा खालच्या दर्जाचा असतो. कमर्शियल माल भाड्याच्या दुकानाला किंवा गच्चीला चालतो. राहत्या घराच्या हॉलमध्ये नको.

मग बाक तपासा. दोन टाइल्स घ्या, चकचकीत बाजू एकमेकींना लावून उभ्या धरा आणि कडेने बघा. मधे किंवा टोकांना फट दिसली तर टाइल वाकलेली आहे. लांब टाइलमध्ये थोडा बाक असतोच. म्हणूनच १,२०० मिलीमीटरची टाइल विटांसारखी अर्ध्यावर सरकवून लावत नाहीत. तसं केलं तर एकीचा फुगलेला मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशी येतो आणि पायाला कंगोरा लागतो. सरकवायचीच असेल तर एक तृतीयांश सरकवा. वेगवेगळ्या तीन-चार बॉक्समधल्या टाइल्स काढून चारही बाजू आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. कर्ण सारखे नसतील तर ती टाइल काटकोनात नाही.

दराचा खरा हिशेब

गोडाऊनचा दर बहुतेकदा जीएसटी सोडून सांगितला जातो. टाइल्सवर आणि प्लायवूडवर १८ टक्के जीएसटी आहे. समजा गोडाऊनमध्ये ५५ रुपये चौरस फूट सांगितले. कर धरून ६४ रुपये ९० पैसे. ५५० चौरस फूट मालाला टेम्पोचे ३,००० आणि वर चढवायच्या हमालीचे ४,००० लागले, तर चौरस फुटाला आणखी १२ रुपये ७३ पैसे. एकूण साडेसत्याहत्तरच्या वर. जवळचा दुकानदार तीच टाइल ७२ रुपयांत, कर आणि घरपोच धरून, उरलेले बंद बॉक्स परत घेण्याच्या बोलीवर देत असेल तर तिथेच घ्या. हे आकडे तुमच्या बाबतीत वेगळे असतील, पण ही बेरीज केल्याशिवाय कुणाचा दर स्वस्त हे ठरत नाही. माझ्या मते एका खोलीसाठी गोडाऊनला जाण्यात अर्थ नाही. पूर्ण घराची फरशी असेल, किंवा दोन-तीन शेजारी मिळून एकच टेम्पो भरत असतील, तेव्हा फरक जाणवतो.

"बिल नको असेल तर कर सोडतो" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. बॅच चुकली, बॉक्समधून तुटका माल निघाला, तर बिलाशिवाय तुमच्या हातात काहीच नसतं.

आणणं आणि ठेवणं

६०० बाय १२०० च्या एका बॉक्सचं वजन साधारण ३० किलो. ५०० चौरस फुटांना वाढीव धरून ३५ बॉक्स, म्हणजे हजार किलोंच्या वर. छोटा हत्ती पाऊण टनाचा. त्यात सगळं कोंबलं की गाडी आणि टाइल्स दोन्ही धोक्यात. मोठी गाडी घ्या किंवा दोन खेपा करा. भाडं ठरवताना "तळमजल्यावर उतरवून" की "घरात नेऊन" हे स्पष्ट बोला, आणि जिन्याने न्यायचं असेल तर मजल्यागणिक दर आधी ठरवा.

बॉक्स नेहमी उभे, कडेवर ठेवायचे. आडवे एकावर एक रचले तर खालच्या टाइल्स तडकतात. सगळे एका खोलीच्या मध्यावर उभे करू नका. भिंतींच्या कडेने, दोन-तीन खोल्यांत वाटून ठेवा. टन-सव्वा टन वजन एकाच जागी स्लॅबवर नको.

बसवण्याबद्दल इथे थोडंच सांगतो. विट्रिफाइड टाइलला सिमेंटची पेस्ट नीट धरत नाही, कारण ती पाणी शोषत नाही. त्यासाठी टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागतं. आयएस १५४७७ या भारतीय मानकात त्याचे प्रकार दिलेले आहेत, मोठ्या टाइलला किंवा जुन्या फरशीवर लावायला टाइप ३ मागा. तीन मिलीमीटरच्या थराला २० किलोची गोणी ४५ ते ५० चौरस फूट पुरते. टाइल्समध्ये किमान दोन मिलीमीटरचा सांधा स्पेसर लावून सोडा. "जॉइंट दिसणारच नाही" असं वचन देणाऱ्या मिस्त्रीला थांबवा, उष्णतेने फरशी फुगते तेव्हा तिला जागा हवी असते. ओट्याजवळ आणि न्हाणीघरात सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट वापरा. आठवड्याने सगळी फरशी पुन्हा ठोकून बघा आणि पोकळ वाजणाऱ्या टाइल्सवर खडूने फुली मारा. त्या बदलून झाल्यावरच मिस्त्रीचा शेवटचा हप्ता.

कपाटं: कडप्पा राहणार की जाणार?

महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या स्वयंपाकघरांत ओटा कडप्प्याच्या उभ्या फळ्यांवर टेकलेला असतो आणि त्या फळ्यांच्या मधल्या खणांत ट्रॉल्या बसवलेल्या असतात. तयार कपाटं विकणाऱ्या कोणत्याही गोडाऊनचं मोजमाप हा ओटा गृहीत धरत नाही. तिथे ठराविक रुंदीची खोकी, म्हणजे कपाटांचे दारांशिवायचे सांगाडे, असतात: ४५०, ६००, ९०० मिलीमीटर. तुमचा खण ५६५ चा असला तर ६०० चं खोकं जाणार नाही आणि ४५० चं घेतलं तर साडेचार इंच जागा वाया जाईल.

म्हणून आधी ठरवा. कडप्पा ठेवायचा असेल तर खोकी घेऊच नका. फक्त ट्रॉल्या, त्या ज्यावर सरकतात ते चॅनेल आणि पुढची दारं घ्या आणि ती खणाच्या मापाने करून घ्या. कडप्पा दगडी असल्यामुळे वाळवी आणि पाणी दोन्ही सोसतो, त्यामुळे हा पर्याय मला जास्त आवडतो. प्रत्येक खण चार ठिकाणी मोजा: पुढे वर, पुढे खाली, मागे वर, मागे खाली. चारांतलं सगळ्यात लहान माप धरायचं. कडप्पा क्वचितच ओळंब्यात असतो. खण पुढून मागेपर्यंत किती खोल आहे हे मोजताना मागचे पाण्याचे पाइप आणि गॅसचा पाइप वगळून मोजा, तरच ५०० मिलीमीटरची ट्रॉली पूर्ण आत जाईल.

कडप्पा काढून सगळा ओटा खोक्यांवर उभा करायचा असेल तर खोकं १८ मिलीमीटरच्या बोर्डाचं, पाय असलेलं आणि ग्रॅनाइटला सलग आधार देणारं हवं. पाय चार इंचांचे घ्या. आपल्याकडे स्वयंपाकघर नुसतं पुसत नाहीत, सणावाराला धुतातही, आणि जमिनीला टेकलेला बोर्ड पहिल्या पावसाळ्यात फुगतो. फरशी खोक्यांखालून भिंतीपर्यंत पूर्ण न्या.

उंची घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या कोपरावरून ठरवा. कोपर वाकवून उभं राहायचं आणि त्याच्या चार ते सहा इंच खाली ओट्याचा पृष्ठभाग. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला ३२-३३ इंच सोयीचे होतात. नवी मुंबईत तुर्भे इथे डिसेंबर २०२० पासून आयकियाचं मोठं दुकान आहे, जिथे माल आपणच रॅकवरून काढून आणायचा असतो. तिथल्या मेटॉड किचनचं खालचं खोकं ८० सेंटिमीटर उंच, त्याखाली आठ सेंटिमीटरचे पाय, वर ओट्याची फळी. म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर, साडेपस्तीस इंच. उंच माणसाला छान, बुटक्या माणसाचे खांदे कणीक मळताना भरून येतील. दुकानातच दहा मिनिटं त्या ओट्यासमोर उभं राहून चिरण्याची, मळण्याची हालचाल करून बघा. त्या खोक्यांचे बोर्ड पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेले असतात, हेही लक्षात ठेवा. कोरड्या भिंतीला चालतात, सिंकखाली मात्र मी वेगळी सोय करेन.

बोर्ड कसा ओळखायचा

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी प्लायची इतकी नावं ऐकू येतात की डोकं भिरभिरतं. छापलेला आकडा वाचा. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचं प्लाय. आयएस ७१० म्हणजे मरीन, ज्याला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. सिंकखाली आणि ओट्याखाली ७१०, वरच्या टांगत्या कपाटांना ३०३ पुरे. सगळीकडे ७१० लावून खर्च वाढवू नका. एमडीएफला, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाला, सुंदर आकार देता येतो, पण पाण्याशी त्याचं वाकडं आहे. एचडीएचएमआर बोर्ड ओल बराच सोसतो आणि दारांना चांगला, पण कडा नीट बंद केलेल्या असल्या तरच.

आयएसआयच्या चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. बीआयएस केअर हे सरकारी अ‍ॅप मोबाइलवर घ्या, तिथे तो क्रमांक टाका आणि उत्पादकाचं नाव व मानक जुळतंय का बघा. हे गोडाऊनमध्ये उभ्याउभ्या होतं. विकणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनही बरंच कळतं.

शीटची कड बघा. आतल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर स्क्रू तिथे धरणार नाही. एक तुकडा मागून घ्या आणि घरी आठ-दहा तास उकळा. मरीन म्हणून विकलेल्या प्लायचे थर उकलले तर उरलेली ऑर्डर रद्द करा. ८ बाय ४ च्या किती शीट लागतील याचा कापणीचा आराखडा सुताराकडून कागदावर घ्या, फरशीसारखाच.

तयार कपाट घेत असाल तर दार उघडून कड बघा. कडपट्टी यंत्राने, सलग, दोन्ही टोकांपर्यंत लागलेली हवी. मागची फळी खाचेत बसवलेली आहे की नुसती खिळ्यांनी ठोकलेली, ते पाहा. एका खोक्याचं सामान सुटं येत असेल तर स्क्रू, बिजागऱ्या आणि पाय यांची पिशवी काउंटरवरच उघडून मोजा. घरी पोचल्यावर एक बिजागरी कमी निघाली तर सुताराचा दिवस जातो.

बिजागऱ्या, चॅनेल, जाळ्या

कपाटाचं आयुष्य इथे ठरतं, आणि माल स्वस्त करण्यासाठी पहिली काटछाट इथेच होते. बोर्ड मधल्या दराचा घ्या, पण हार्डवेअर हेटिच, एबको, हॅफले अशा ओळखीच्या कंपनीचं घ्या. ९०० मिलीमीटरपर्यंतच्या दाराला दोन बिजागऱ्या, त्याहून उंच दाराला तीन. दार खोक्याची कड पूर्ण झाकणार, अर्धी झाकणार की आत बसणार, यावर बिजागरीचा प्रकार बदलतो. हे न सांगता बॉक्सभर बिजागऱ्या उचलू नका.

चॅनेलवर किलोचा आकडा असतो. ताटं-वाट्यांच्या ट्रॉलीला ३५ किलो पुरतात, पण धान्याचे डबे आणि कुकर ठेवायच्या खालच्या ट्रॉलीला ४५ किलोचा घ्या. तारेच्या जाळ्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. विक्रेते लोहचुंबक लावून दाखवतात आणि तो चिकटला नाही की ३०४ म्हणतात. ही परीक्षा अपुरी आहे, कारण स्वस्त २०२ स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. स्टील तपासायचा थेंबांचा किट मिळतो, त्याने रंगावरून फरक कळतो. निदान बिलावर "३०४" लिहून घ्या.

सिलिंडरच्या खणाला दार लावणार असाल तर दारात खालच्या बाजूला जाळी ठेवा. स्वयंपाकाचा सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. बंद खणात तो अडकून राहू देऊ नका.

वरची टांगती कपाटं भरली की त्यांत स्टीलची भांडी, काचेच्या बरण्या मिळून मोठं वजन होतं. भिंत कशाची आहे हे आधी बघा. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत नेहमीचे बोल्ट धरतात. नव्या इमारतींतल्या हलक्या सिपोरेक्सच्या (सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकच्या) भिंतीत साधा प्लग काही महिन्यांत सैल होतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचे खास अँकर घ्या, किंवा आरपार बोल्ट टाका आणि वजन वाटून देणारी सलग पट्टी लावा. ही चौकशी खरेदीच्या यादीत हवी, कारण बसवणारा त्याच्या पिशवीत जे आहे तेच वापरतो.

बिल आणि नंतरचे हक्क

बिलावर डिझाइनचा क्रमांक, दर्जा, बॅच, बॉक्सांची संख्या, प्लायचं मानक आणि हार्डवेअरची कंपनी लिहून घ्या. "टाइल्स, ३५ बॉक्स" एवढंच लिहिलेल्या कागदाचा उपयोग नाही. न उघडलेले बॉक्स किती दिवसांत आणि किती कपात करून परत घेणार, तेही त्याच कागदावर. उतरवून घेताना शक्य तितके बॉक्स उघडून पाहा, फुटलेल्यांचे फोटो टेम्पोवाल्यासमोर काढा आणि पोचपावतीवर संख्या नोंदवूनच सही करा.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, किंवा मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. आधी गोडाऊनवाल्याला लेखी कळवा, फोटो पाठवा. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

टाइल्स बसवण्याआधी एक दिवस राखून ठेवा. सगळे बॉक्स एकेका खोलीत उघडा, टाइल्स कोरड्याच मांडा, उजेडात रंग जुळतोय का बघा. लावलेली टाइल परत घ्यायला कुणीही तयार होत नाही, आणि ते रास्तही आहे. कपाटांचं तसंच: सुताराने बोर्डावर करवत चालवण्याआधी मानकाचा शिक्का, परवाना क्रमांक आणि शीटची संख्या बिलाशी ताडून पाहा, आणि मगच त्याला सुरुवात करायला सांगा.